कार्टून आहे, पण पोरांना आणू नका: नाशकात मोठ्यांच्या ॲनिमेशनपटांचा कट्टा कसा जमवावा

आमच्या पहिल्या शोला सात प्रेक्षक होते आणि त्यांतला एक सहा वर्षांचा होता.

इंदिरानगरमधल्या आमच्या हॉलमध्ये 'फॅन्टास्टिक प्लॅनेट' लावायचा ठरवला होता. मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे ॲनिमेशन सिनेमा आहे, या." वरच्या मजल्यावरच्या काकू नातवाचा भांग पाडून, डब्यात चकल्या भरून आल्या. सिनेमा सुरू होतो तोच एक बाई तान्ह्या बाळाला छातीशी धरून पळतेय. वरून प्रचंड निळे हात येतात आणि आपण मुंगीशी खेळतो तसे तिच्याशी खेळतात. खेळता खेळता ती मरते. काकूंनी नातवाचे डोळे झाकले आणि दोघं उठून गेले. चकल्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "अगं, कार्टून म्हणालीस ना?" मी म्हटलं नव्हतं. पण 'नाही' असंही कुठे म्हटलं होतं?

तेव्हापासून महिन्या-दीड महिन्यातून एकदा आमच्याकडे आठ-दहा माणसं जमतात. सिनेमा शिकलेलं त्यांत कुणी नाही. मी कारखान्यात ड्रॉइंग तपासते, बाकी कुणी बँकेत, कुणी क्लासेस घेतात. आपापल्या भागात असा कट्टा सुरू करायचा असेल, किंवा एकट्यानेच या सिनेमांत शिरायचं असेल, तर आम्ही जिथे जिथे आपटलो ते खाली लिहिलं आहे.

१. आधी 'मोठ्यांसाठी' म्हणजे काय ते ठरवा

या शब्दाने सगळा घोळ होतो. मी मनातल्या मनात तीन ढीग करते.

पहिला ढीग अंगावर येणाऱ्यांचा. नग्नता, हिंसा, शिव्या, नशा. राल्फ बाक्शीचा 'फ्रिट्झ द कॅट' (१९७२) हा यातला मूळपुरुष म्हणा. अमेरिकेत 'एक्स' प्रमाणपत्र मिळालेला हा पहिला ॲनिमेशनपट. ज्याच्या चित्रकथेवरून तो काढला त्या रॉबर्ट क्रम्बला सिनेमा इतका खटकला, की त्याने नंतर चित्रकथेत त्या बोक्याला मारूनच टाकलं.

दुसरा ढीग विषयाने मोठा. यात कदाचित एकही शिवी नसते, पण म्हातारपण असतं, युद्ध असतं, एकटेपण असतं. पोराला दाखवला तर पोर घाबरणार नाही, कंटाळेल.

तिसरा ढीग रीतीने मोठा. इथे गोष्टीचा दांडा हातात मिळतच नाही. मातीची डोकी एकमेकांना खातात, भिंतीवरचं चित्र भिंतीवरून चालत जातं आणि तासभर तेच चालू राहतं.

नवखी माणसं पहिल्या ढिगापासून सुरुवात करतात, कारण नेटवरच्या 'हे पाहाच' छापाच्या याद्यांत तीच नावं वर असतात. मीही तेच केलं. तुम्ही दुसऱ्या ढिगापासून करा.

आणखी दोन शब्द लोक एकच समजतात, 'कल्ट' (म्हणजे थोड्या पण वेड्या चाहत्यांनी जपलेला) आणि 'स्वतंत्र'. कात्सुहिरो ओतोमोचा 'अकिरा' (१९८८) कल्ट आहे, पण त्यात अनेक कंपन्यांनी मिळून भरपूर पैसा ओतला होता. उलट डॉन हर्ट्झफेल्टने 'इट्स सच अ ब्युटिफुल डे' (२०१२) जवळपास एकट्याने, काडीच्या माणसांची चित्रं काढून, जुन्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याखाली एकेक चौकट (फ्रेम) टिपून केला. स्वतंत्र असणं हे पैशावरून ठरतं. कल्ट मात्र प्रेक्षक ठरवतात, आणि तेही सावकाश.

आपल्या गावाला हे काही नवं नाही, हे जाता जाता सांगते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे आणि ज्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली होती. त्यात आगपेटीतल्या काड्या एकेक चौकट टिपून नाचवल्या होत्या. स्टॉप मोशन म्हणतात ते हेच. आमच्या कट्ट्यावर कुणी "आपल्याकडे कुठे असलं काही?" म्हणालं, की मी आगपेटी पुढे सरकवते.

२. पहिली बैठक लघुपटांची, पाऊण तासात संपणारी

पूर्ण लांबीचा सिनेमा पहिल्याच दिवशी लावू नका. माणसं जांभया देतात, मोबाईल काढतात आणि परत येत नाहीत. पाच लघुपट लावा. एक नाही आवडला तर पाच मिनिटांत दुसरा.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने आपल्या वेबसाइटवर शेकडो लघुपट फुकट ठेवले आहेत. आमची पहिली थाळी तिथूनच भरली. याच क्रमाने लावा:

'नेबर्स' (१९५२), नॉर्मन मॅक्लॅरेन, आठ मिनिटं. दोन शेजारी, मध्ये एक फूल आणि त्यावरून मारामारी. यात खरी माणसं बाहुल्यांसारखी चौकटीचौकटीने हलवली आहेत. सोसायटीत पार्किंगवरून भांडणं असतील तर प्रस्तावनेची गरज नाही.

'बीड गेम' (१९७७), ईशू पटेल, पाच-सहा मिनिटं. पटेल मूळचे गुजरातचे, अहमदाबादच्या एन.आय.डी. या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेशी जोडलेले. हजारो मणी सरकवून केलेला लघुपट. मणी एकमेकांना गिळत गिळत प्राणी होतात, माणसं होतात, शेवटी बॉम्बपर्यंत जातात.

'द स्ट्रीट' (१९७६), कॅरोलिन लीफ, दहा मिनिटं. काचेवर ओला रंग पसरून, पुसून, पुन्हा पसरून काढलेली चित्रं. घरात आजी अंथरुणाला खिळली आहे आणि नातवाला तिची खोली मिळणार आहे, ती कधी रिकामी होते एवढंच पाहायचं. हा संपल्यावर आमच्याकडे कुणी बोलेना. मग एक काका म्हणाले, "पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजीची खोली मला मिळाली होती. मला बारावीला अभ्यासाला हवी होती." पुढे काही बोलले नाहीत. त्या दिवशी मला कळलं की हा कट्टा चालेल.

'वॉकिंग' (१९६८), रायन लार्किन, पाच मिनिटं. माणसं नुसती चालतात, बाकी काही नाही. ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

'रायन' (२००४), ख्रिस लँड्रेथ, चौदा मिनिटं. 'वॉकिंग' करणारा तोच लार्किन पुढे नशेत बुडाला आणि माँट्रियलच्या रस्त्यावर भीक मागू लागला. लँड्रेथ त्याची मुलाखत घेतो आणि दोघांचे चेहरे मनावरच्या जखमांप्रमाणे फुटके, पोकळ दिसतात. याला ऑस्कर मिळालं. 'वॉकिंग' न दाखवता हा दाखवलात तर निम्मा वाया जाईल, म्हणून क्रम मोडू नका.

३. मग मोठे सिनेमे, पण सोप्याकडून अवघडाकडे

माझ्या हिशेबाने पहिले चार असे.

'मेरी अँड मॅक्स' (२००९). ॲडम एलियटचा मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा. मेलबर्नची एकटी मुलगी आणि न्यूयॉर्कचा एकटा, जाडा, मध्यमवयीन माणूस यांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार. हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते.

'पर्सेपोलिस' (२००७). मार्जान सात्रापीचं इराणमधलं बालपण आणि तारुण्य, बहुतेक काळ्या-पांढऱ्यात. कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालेला. ज्या घरात आजी-नातीचं गूळपीठ आहे तिथे हा हमखास चालतो.

'टोकियो गॉडफादर्स' (२००३). सातोशी कोनचा. ख्रिसमसच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं. कोनचा 'परफेक्ट ब्लू' जास्त गाजलेला आहे, पण कोनची ओळख याने करून द्या. तो ४६व्या वर्षी, २०१० साली गेला. मागे पूर्ण लांबीचे चारच सिनेमे राहिले, म्हणून मी ते पुरवून पुरवून दाखवते.

'बॉम्बे रोझ' (२०१९). गीतांजली राव यांचा, चौकट न चौकट हाताने रंगवलेला. मुंबईच्या फुटपाथवरची फुलवाली, तिचं प्रेम, जुन्या हिंदी सिनेमाची सावली. गोष्ट मध्ये थोडी सैल पडते, हे मान्य. पण हिंदी असल्यामुळे ज्यांना इंग्रजी सबटायटल्स झेपत नाहीत तेही पुढे सरकून बसतात.

पाचवा म्हणून एक गुपचूप पत्ता: सिल्व्हाँ शोमेचा 'द ट्रिप्लेट्स ऑफ बेलव्हिल' (२००३). सायकलपटू नातवाला गुंड पळवतात आणि त्याची ठेंगणी आजी कुत्र्याला घेऊन समुद्र ओलांडून शोधायला निघते. संवाद जवळपास नाहीतच. वरच्या काकूंना मी परत बोलावलं ते याच सिनेमाला. नातवाला घरी ठेवून आल्या. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा 'फ्लो' (२०२४) तर पूर्ण मुका आहे. ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर केलेल्या या सिनेमाला २०२५ सालचं ऑस्कर मिळालं. हा मात्र खुशाल पोरांबरोबर पाहा.

यानंतर 'परफेक्ट ब्लू' (१९९७), 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८), 'फॅन्टास्टिक प्लॅनेट' (१९७३). सहा महिने गेल्यावर चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर, चिलीचा 'द वुल्फ हाउस' (२०१८) आणि जपानचा 'बेलाडोना ऑफ सॅडनेस' (१९७३). 'वुल्फ हाउस' लावण्याआधी चिलीतल्या 'कॉलोनिया दिग्निदाद' या जर्मन पंथाच्या वसाहतीबद्दल आणि तिथल्या अत्याचारांबद्दल दोन मिनिटं सांगा. नाहीतर भिंतीवर रंग का वाहतो आहे हे कुणाला कळत नाही. आमच्याकडे मी सांगायला विसरले आणि अर्ध्या तासात तिघांना घरची कामं आठवली.

दोन सापळे इथेच सांगून ठेवते. एक, जपानच्या घिबली स्टुडिओचं नाव पाहून 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' पोरांना लावणं. हा महायुद्धातल्या दोन अनाथ भावंडांचा सिनेमा आहे आणि तो कुणालाच सोडत नाही. १९८८ साली जपानमध्ये तो 'माय नेबर टोटोरो'च्या जोडीने एकाच तिकिटात दाखवला गेला होता. त्या दिवशी थिएटरात बसलेल्या आईबापांचं काय झालं असेल याचा मी अजून विचार करते. दुसरा, 'वॉटरशिप डाउन' (१९७८). पोस्टरवर ससे आहेत, पण आत रक्त आहे. ब्रिटनमध्ये त्याला 'सर्वांसाठी' असं प्रमाणपत्र होतं, ते जवळपास साडेचार दशकांनी एक पायरी कडक झालं.

४. सिनेमा आणायचा कुठून

टोरेंटचा पत्ता देणार नाही. नीतीचा भाग बाजूला ठेवा, पण हर्ट्झफेल्टसारखा माणूस एका सिनेमाच्या भाड्यावर पुढचा करतो. शिवाय तिथल्या प्रती बऱ्याचदा कापलेल्या, फिकट किंवा चुकीच्या डबिंगच्या असतात.

नेटफ्लिक्स, मुबी, प्राइम, क्रंचीरोल यांच्यावर यातलं बरंच काही येतं आणि जातंही. 'आय लॉस्ट माय बॉडी' हा फ्रेंच ॲनिमेशनपट आणि 'बॉम्बे रोझ' नेटफ्लिक्सने घेतलेले आहेत. बाकीचं शोच्या आठवडाभर आधी तपासा आणि आदल्या दिवशी पुन्हा तपासा. महिना बदलला की सिनेमा यादीतून गायब होतो. आमचा एक शो एक तारखेला होता, तेव्हा हा धडा मिळाला. यूट्यूब आणि विमिओवर भाड्याने मिळतो का तेही पाहा.

तिसरा मार्ग म्हणजे निर्मात्यांनीच खुले केलेले सिनेमे. ब्लेंडरवाल्यांचे 'सिंटेल' (२०१०) सारखे लघुपट कुणीही दाखवावेत असेच आहेत. नीना पेलीने तिचा 'सीता सिंग्ज द ब्ल्यूज' (२००८) आधी खुल्या परवान्याखाली दिला, मग २०१३ साली त्यावरचे आपले हक्कच सोडून दिले. रामायणातली सीता, १९२०च्या दशकातली अमेरिकन गाणी आणि नवऱ्याने सोडलेली एक आजची बाई, अशी त्याची तीन पेडी वेणी आहे. कायद्याने दाखवायला सोपा. पण सीतागुंफा ज्या गावात आहे त्या गावात तो कुणासमोर लावायचा हे आपलं आपण ओळखावं. त्यावर काही हिंदू संघटनांनी आक्षेप घेतले होते. आम्ही तो घरी, एकमेकांना नीट ओळखणाऱ्या माणसांत पाहिला आणि रात्री साडेबारापर्यंत भांडलो. छान भांडलो. सोसायटीच्या हॉलमध्ये मी तो लावणार नाही.

५. टीव्हीवर पाहणार असाल तर एक सेटिंग आधी बंद करा

पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र बहुतेक वेळा दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. कधी तीन चौकटी टिकवतात, मग आठच. हा कंजूषपणा असतो, तशी ती लयही असते. पात्राने झटकन मान वळवली, थांबलं, पुन्हा वळवली, हे चित्रकाराने मोजून ठरवलेलं असतं. तबलजीने जागा सोडावी तसं.

आजकालचे टीव्ही या दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने चित्रं घालतात. क्रिकेटचा चेंडू गुळगुळीत दिसावा म्हणून ही सोय केलेली आहे. ॲनिमेशनमध्ये तिच्यामुळे हात रबरासारखे ताणले जातात, रेषेभोवती धूर येतो आणि मातीची बाहुली तेलात तरंगल्यासारखी चालते. आमच्या पहिल्या तीन शोंना हे असंच चाललं होतं. मला वाटायचं, जुना सिनेमा आहे, असाच असेल. क्लासेसवाल्या मैत्रिणीच्या मुलाने रिमोट हातात घेतला आणि दोन बटणांत सगळं बदललं.

एलजीमध्ये याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीमध्ये मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. पिक्चर सेटिंगमध्ये खोलवर दडलेलं असतं. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावलात की हे आपोआप बंद होतं. एचडीएमआयच्या प्रत्येक जोडणीला वेगळं सेटिंग असू शकतं, म्हणून लॅपटॉप लावल्यावर पुन्हा एकदा बघा.

जुने सिनेमे चौकोनी असतात, डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतात. कुणीतरी म्हणतंच, "स्क्रीन भर ना." भरू नका, चेहरे चपटे होतात.

६. प्रोजेक्टर घेण्याआधी

आधी भाड्याने आणा. एम.जी. रोडला किंवा मंडपवाल्याकडे विचारा, फक्त लग्नाच्या तिथी टाळा. दोन-तीन शो झाले आणि माणसं टिकली तर विकत घ्या.

विकत घेताना खोक्यावरच्या 'फोर-के सपोर्टेड' या शब्दांना भुलू नका. याचा अर्थ इतकाच की यंत्र फोर-के फाइल गिळतं. पडद्यावर मात्र आपल्या कुवतीप्रमाणे बारीक किंवा भरड चित्रच टाकतं. 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे ही मूळ कुवत, किती ते विचारा, १०८० पेक्षा कमी घेऊ नका. ल्युमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे, आकडेही फुगवलेले असतात. 'ॲन्सी ल्युमेन' किती ते विचारा. पूर्ण अंधार करता येत असेल तर शंभर इंची चित्राला सातशे-आठशे पुरतात, असा माझा अनुभव आहे. स्वस्त अँड्रॉइड प्रोजेक्टरवर नेटफ्लिक्स कधी चालतच नाही, कधी धूसर चालतं. लॅपटॉपवरून एचडीएमआय वायरने जोडणं बरं.

लागणारं सामान असं:

- लॅपटॉप आणि त्याचा चार्जर (चार्जर विसरतोच कुणीतरी)
- एचडीएमआय वायर, किमान पाच मीटर
- वायरने जोडता येणारा स्पीकर. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात
- एक्स्टेंशन बोर्ड आणि वायरवर चिकटवायला टेप
- खिडक्यांना जाड चादरी किंवा काळा कागद
- सतरंज्या, उशा, दोन खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांना
- पडदा. पांढरी, गुळगुळीत भिंत असेल तर तोही नको

पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरा आणि लघुपटांची एक थाळी लॅपटॉपच्या छोट्या पडद्यासाठी तयार ठेवा. लघुपट अंधारात, सहा डोकी एका लॅपटॉपभोवती, हे खरं तर प्रोजेक्टरपेक्षा मला आवडतं.

७. सबटायटल्स

मराठी सबटायटल्स जवळपास मिळतच नाहीत. इंग्रजी वाचता येणं वेगळं आणि दोन सेकंदांत वाचून वर चित्रही पाहणं वेगळं. आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी असली की बिनसंवादाचा किंवा हिंदी सिनेमा लावतो. नाहीतर सुरुवातीला गोष्टीचं पहिलं अर्ध तोंडी सांगून टाकतो. डबिंगपेक्षा मूळ भाषा बरी, पण हा नियम करू नका. वाचण्यात सिनेमा हरवत असेल तर डबिंग लावा, शुद्धतावाद्यांना चहा द्या.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये सबटायटल पुढे-मागे होत असेल तर विंडोजवर कीबोर्डवरची 'जी' आणि 'एच' ही बटणं दाबून सरकवता येतं. अक्षरं मोठी, पिवळसर करा. शेवटच्या रांगेत बसून स्वतः एकदा वाचून बघा.

८. निमंत्रण कसं लिहायचं

काकूंच्या प्रकरणानंतर माझा मेसेज असा असतो: "शनिवार, रात्री ८. ॲनिमेशन आहे, पण मोठ्यांचं. १८ वर्षांखालील नको. ८१ मिनिटं. जपानी, इंग्रजी सबटायटल्स. यात एका बलात्काराचं चित्रीकरण दाखवलं आहे आणि रक्त आहे. नको वाटलं तर पुढच्या वेळी या, रागावणार नाही." हा 'परफेक्ट ब्लू'चा मेसेज होता. सात जण आले आणि सातही शेवटपर्यंत बसले.

इशारा दिल्याने मजा जाते असं काही जण म्हणतात. मला तसं दिसलं नाही. 'बेलाडोना'त लैंगिक अत्याचार आहेत, सुंदर जलरंगात आहेत, आणि ते न सांगता लावणं मी फसवणूक समजते.

ओटीटीवर यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे शिक्के असतात. ते पाहा, पण त्यावरच विसंबू नका. शिक्का वय सांगतो, आपल्या खोलीत बसलेलं माणूस नुकतंच कशातून गेलं आहे ते सांगत नाही. घरात मृत्यू झालेल्या एका ओळखीच्या बाईंना मी नकळत 'मेरी अँड मॅक्स'ला बोलावलं होतं. ते मी पुन्हा करणार नाही.

९. घराबाहेर, हॉल घेऊन दाखवायचं असेल तर

इथे खेळ बदलतो. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती वापराचं असतं. तिकीट नसलं तरी बोर्ड लावून, हॉल घेऊन दाखवणं हे जाहीर प्रदर्शन झालं. त्याला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, आणि जाहीर प्रदर्शनासाठी सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही लागतं. महोत्सव भरवणारे त्यातून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागून घेतात. नियमित दाखवायचं असेल तर रीतसर फिल्म सोसायटी करून १९५९ पासून चालत आलेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी जोडून घेणं हा जुना, धोपट मार्ग आहे.

स्वतंत्र दिग्दर्शकांना थेट ईमेल करा. मोठ्या स्टुडिओकडून उत्तर येत नाही, पण एकट्याने काम करणारी माणसं बऱ्याचदा उत्तर देतात. कुठे, किती माणसं, तिकीट आहे की नाही, एवढं तीन ओळींत लिहा.

हॉलसाठी जाताना ही कागदं बरोबर ठेवा:

- अर्ज, त्यात तारीख, वेळ, सिनेमाची लांबी, भाषा आणि वयोगट
- आयोजकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स
- हक्कधारकाच्या परवानगीच्या ईमेलची छापील प्रत
- प्रमाणपत्र किंवा सूट मिळाल्याचं पत्र

अर्जात 'कार्टून' हा शब्द लिहू नका. आम्ही एका सभागृहाला तसं लिहून बसलो. त्यांनी आनंदाने तारीख दिली आणि शोच्या दिवशी शेजारच्या बालवर्गाची चाळीस मुलं ओळीने आत आणून बसवली. आम्ही 'वॉल्ट्झ विथ बशीर' गुंडाळून ठेवला आणि ब्लेंडरवाल्यांचा सशाचा लघुपट दाखवला. मुलं खूश, आमची नाशिकरोडहून आलेली दोन माणसं चिडलेली.

१०. सिनेमा संपल्यावर

दिवे लगेच लावू नका. 'वॉल्ट्झ विथ बशीर' अगदी शेवटी ॲनिमेशन सोडून बेरूतच्या हत्याकांडानंतरचं खरं चित्रण दाखवतो. तिथे कुणी ट्यूबलाइट लावून "चहा कोण घेणार?" विचारलं तर सगळं मोडतं. नामावली संपू द्या.

मग 'कसा वाटला?' असं विचारू नका, "छान होता" एवढंच उत्तर मिळतं. 'कुठलं चित्र डोळ्यासमोर राहिलं?' असं विचारा. याचं उत्तर लाजरा माणूसही देतो. जाणकारांना पाच मिनिटांच्या वर बोलू देऊ नका. आमच्याकडे एक आहेत, त्यांच्या हातात मी चिवड्याची ताटली देते.

पुढची तारीख मात्र माणसं चपला घालायच्या आधी ठरवा, ग्रुपवर टाकू म्हटलं की महिना जातो. परीक्षा आणि दिवाळीची साफसफाई यांच्या मधला शनिवार धरा, आणि द्वारका चौकातल्या गर्दीत अडकणाऱ्यांसाठी आठची वेळ सांगून सिनेमा सव्वाआठला लावा.